मामाच्या गळ्यात कॅमेरा

बॅटरी चार्जिंगला लावण्याआधी गुरुजींना फोन करा आणि विचारा, "या लग्नात माझं काम काय?" फोटो काढणं हे त्याचं उत्तर नव्हे. तुम्ही घरचे आहात. म्हणजे कुठेतरी पाटावर बसायची, कुणाच्या तरी मागे उभं राहायची, नाहीतर जावयाचा कान पिळायची वेळ तुमच्यावर येणार. आणि ज्या क्षणाचा फोटो हवा, नेमकी त्याच क्षणी येणार.

मी विचारलं नव्हतं. मी इंदुरात बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. पुलांच्या भेगांचे फोटो नोकरी म्हणून काढतो, माणसांचे हौस म्हणून. गेल्या वैशाखात ताईच्या मुलीचं लग्न झालं, राजेंद्रनगरच्या बाजूला एका मॅरेज गार्डनमध्ये. मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा. पावणेबारालाच बोहल्याच्या कडेला स्टूल टाकून मी जागा धरली होती. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी कॅमेऱ्यातून मान वर काढली आणि मामा कुठून येतोय ते बघू लागलो. ताईने लांबून डोळे वटारले तेव्हा डोक्यात उजेड पडला.

भाचीला हाताला धरून आणली आणि तिच्या मागे उभा राहिलो, गळ्यात कॅमेरा तसाच. मुलाकडच्या फोटोग्राफरने अंतरपाटाचा जो मोठा फोटो अल्बममध्ये लावलाय, त्यात नवरीच्या अंबाड्याशेजारी माझ्या लेन्सचं झाकण दोरीला लोंबकळतंय.

म्हणून बदली माणूस आधीच नेमा. माझा जुना कॅमेरा नववीतल्या पुतण्याकडे होता, खरं तर नुसता सांभाळायला. त्याने त्या अर्ध्या तासात दोनशेच्या वर फोटो काढले. त्यातले बरेचसे बर्फगोळ्याच्या गाडीचे निघाले, पण अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळे कॅमेरे नवरा-नवरीकडे आणि हा आपल्या आजीच्या शेजारी उभा, म्हणून त्याने आजीचा फोटो काढला. तोंडावर पदर, डोळे भरलेले, अक्षतांची मूठ अजून तशीच मिटलेली. टाकायचीच राहून गेली होती. तो फोटो मला मिळाला नसता. तेव्हा असा पोरगा असेल तर आदल्या दिवशी त्याला बसवून कॅमेरा लावून द्या: शटर १/२५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर पण ६४००च्या पुढे जाणार नाही असा, डोळ्यावरचा फोकस चालू. आणि सांगा की याच एका बटणाला हात लावायचा, बाकी कशाला नाही.

अंतरपाटाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तो एकदाच दूर होतो. उभं राहायचं ते कापडाच्या रेषेत, म्हणजे एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी आणि मधे तुम्हाला कापडाची नुसती कड दिसेल असं. समोर गेलात की एकाचीच पाठ मिळते. गुरुजींना आदल्या दिवशीच विचारा, कोण कुठल्या दिशेला तोंड करून उभं राहणार, अंतरपाट कोण धरणार. धरणाऱ्यांपैकी एक तुमच्या बाजूला येतो, तो जाडजूड असेल तर पंचाईत. आमच्याकडे भाऊजींचे मित्र होते. त्यांना बाजूला हो म्हणणार कोण?

मग कान उघडे ठेवा. मंगलाष्टकं घरोघरी वेगळी, त्यात आत्या-काकू स्वतः रचलेली म्हणतात आणि एकेकीची चाल अशी की शार्दूलविक्रीडित वृत्त ओळखू येऊ नये. पण गुरुजी शेवटी "तदेव लग्नं" सुरू करतात. ते दोन शब्द कानावर पडले की बोट बटणावर. त्यानंतरच्या "सावधान"ला कापड जातं, वाजंत्री सुटतात आणि पुढचे सात-आठ सेकंद नवरा-नवरीचे चेहरे खरे असतात. एवढ्यापुरतं धडाधड फोटो काढा, एरवी नको. अक्षता हवेत गोठलेल्या हव्या असतील तर १/५०० लागेल; १/६० ठेवलंत तर त्यांच्या पांढऱ्या रेघा येतील, त्याही वाईट दिसत नाहीत. लेन्सला हूड लावाच. लांबून अक्षता फेकणारे काका नेम धरून मारतात.

मुंडावळ्यांनी मला आधीच्या एका लग्नात फसवलं होतं. एफ १.८ची, म्हणजे मोठं तोंड उघडणारी, पन्नास मिलिमीटरची लेन्स म्हणजे हौशी माणसाचा जीव, पार्श्वभूमी कशी लोण्यासारखी वितळते. तशी ती वितळली, पण फोकस बसला गालावर लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरीवर. सर लख्ख, डोळे धूसर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कळतही नाही, घरी आल्यावर कळतं. जवळून चेहरा घेताना एफ ४ ठेवा (तोंड थोडं मिटतं आणि फोकसमध्ये जास्त काही मावतं), फोटो मोठा करून पापण्या तपासा, मग पुढे सरका.

दिवसाच्या लग्नात दुसरा शत्रू म्हणजे वरचं कापड. इंदूरचं वैशाखी ऊन भगव्या-लाल मांडवातून गाळून आलं की सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. पांढरं काहीतरी दाखवून कॅमेऱ्याला पांढरा रंग शिकवावा लागतो, आणि मांडवात मोठं पांढरं कापड एकच, अंतरपाट. नवरी यायच्या आधी तो धरून बघतात तेव्हा कुंकवाचं स्वस्तिक टाळून कोऱ्या भागाचा फोटो घ्या आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा. फ्लॅश मांडवाच्या छतावर मारू नका, लाल होऊनच परत येईल. संध्याकाळी स्टेजवर एलईडी लागले की फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा मिचमिचतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१००वर आणा. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर तिथे बंदच ठेवा.

ते वापरायचं गौरीहराला. माझ्या मते हौशी माणसाने सगळ्यात जास्त जीव ओतावा तो इथे. बाहेर सगळे वऱ्हाडाच्या मागे धावत असतात, मुलाकडचा फोटोग्राफर नवऱ्याच्या फेट्याचे फोटो काढत असतो, आणि आतल्या खोलीत मुलगी एकटी अन्नपूर्णेपुढे बसलेली असते, मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत. (ही साडी तरी मी विसरलो नव्हतो, बायकोच्या कृपेने.) परक्या माणसाला त्या खोलीत कुणी उभं करत नाही. तुम्हाला करतात.

आमच्या खोलीला पश्चिमेची एकच खिडकी होती आणि डोक्यावर ट्यूबलाइट. ट्यूब बंद केली. ताई म्हणाली, "अरे, अंधार झाला." झाला नव्हता. खिडकीचा उजेड एका गालावर आला, दुसरा सावलीत गेला, साडीच्या पिवळ्या रंगाची आभा हनुवटीखाली उमटली. मी भिंतीला टेकून खाली बसलो, तिच्या नजरेच्या उंचीवर. चिमटीतल्या अक्षता अन्नपूर्णेवर पडत होत्या, हिरवा चुडा दर वेळी किणकिणत होता आणि तिचे ओठ हलत होते. वीस मिनिटांत मी चौदा फोटो काढले. उरलेला वेळ नुसता बघत होतो, आणि मी बसलोय हे ती विसरेपर्यंत पहिले पाच-सहा तर कॅमेऱ्यासाठीच हसलेले आहेत. म्हणून लवकर जा, शेवटच्या मिनिटाला नको.

नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्याला इंदुरात कमीपणा वाटायचं कारण नाही, असं मी ऑफिसात नेहमी म्हणतो. राजा दीनदयाळ १८६६ साली इथल्या बांधकाम खात्यातच नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला लागले होते. कॅमेरा हातात आला तो पुढे काही वर्षांनी. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला आणि शेवटी ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. आमच्या साहेबांवर या गोष्टीचा परिणाम होत नाही, रजा दोनच दिवस मिळाली. पण दीनदयाळांचा काळ काचांच्या प्लेटांचा होता, बटण दाबण्याआधी विचार करावा लागे, ते गौरीहराच्या खोलीत मला आठवलं.

पगारी फोटोग्राफर असेल (असावाच, सगळा भार स्वतःवर घेऊ नका) तर सकाळीच त्याच्याशी बोलून घ्या. पोहे-जिलबी खातानाची वेळ उत्तम. मी त्याच्या पोह्यांवर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरलं आणि सांगितलं, "भिया, स्टेज तुझं, घर माझं. तुझ्यासमोर आलो तर हाक मार." दिवसभर त्याने एकदाच हाक मारली. कन्यादान, सप्तपदी, रिसेप्शनच्या रांगा हे त्याचं काम. तुम्ही त्याच्या खांद्यावरून तोच फोटो काढलात तर तो त्याच्यापेक्षा वाईटच येणार. त्याला जे माहीत नसतं ते काढा. आमच्या दोन आत्या कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, त्या दोघी रुखवताच्या टेबलावर एकाच वेळी लाडवाच्या देवळात वाकून डोकावत होत्या, कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ. त्याच्या दृष्टीने त्या दोन बायका. मला तो फोटो काढताना धाप लागली.

कानपिळीचं वेगळं सांगतो. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान धरतो आणि सोडतो, दोन सेकंदांत संपतं. लाजाहोमाला तोच भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालत असतो, तेव्हापासून त्याच्यावर लक्ष ठेवा. होमापाशी फ्लॅश नको, धुरावर पडला की समोर नुसता पांढरा पडदा. धूर तुमच्या आणि उजेडाच्या मधे येईल अशी बाजू धरा.

हळदीत काय, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मावसभावंडांपासून लांब राहा. माझा पट्टा अजून पिवळा आहे.

सीमांतपूजन झाल्यावर पुण्याच्या पाहुण्यांना रात्री सराफ्यात न्यावं लागलं. दिवसा जिथे सोनं विकतात तिथे रात्री अकराला भुट्ट्याचा कीस खायचा, हे त्यांना पटेना. पटलं तेव्हा व्याहीबुवा जलेबा दोन्ही हातांनी धरून उभे होते. मोठे मजेचे फोटो आले, आयएसओ ६४००वर. सकाळी उन्हात देवदेवकाला तोच ६४०० तसाच राहिला, लेन्स पूर्ण उघडी. पहिल्या तीसेक फोटोंत आई पांढरीफटक, मागची तुळस जवळजवळ गायब. तेव्हापासून झोपायच्या आधी मी कॅमेऱ्याची सगळी सेटिंग मूळ जागी आणतो, दात घासल्यासारखं.

सगळ्यांचे एकत्र फोटो जेवणाआधी. पंगत बसली की संपलं, मग कुणी तोंड पुसत येतो, कुणी येतच नाही. यादी नात्यांनी करा ("आजोळ", "दाजींकडचे", "मावश्या आणि त्यांचे यजमान") आणि हाका मारायला मोठ्या आवाजाची एक चुलतबहीण नेमा. फोटो काढणाऱ्याने स्वतः ओरडू नये. म्हाताऱ्या माणसांना आधी मोकळं करा. प्रत्येक घोळक्याचे पाच-सहा घ्या, कारण वीस माणसांत एकाचे तरी डोळे मिटलेले असतात आणि तो नेमका नवऱ्याचा मोठा भाऊ असतो.

पाठवणीला मी तीन फोटो काढले आणि कॅमेरा बायकोकडे दिला. त्यापेक्षा जास्त कुणालाच नंतर बघवत नाहीत, आणि भाऊजींना तेव्हा धरायला कुणीतरी लागतं.

सामानाचं मी लांबवत नाही: दोन बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ (कॅमेऱ्याने न चेपलेला मूळ) फोटो २५-३० एमबीचा होतो, म्हणजे एका कार्डात दोन हजारांच्या आसपास मावतात. त्याच रात्री, कितीही दमलात तरी, दोन वेगळ्या जागी उतरवा आणि दोन्ही उघडून बघेपर्यंत कार्ड पुसू नका. निवडायला मात्र आठवडा जाऊ द्या. मी १,८४० चे ३१० केले. उरलेले कुणाला दाखवू नका, नाहीतर "तो दुसरा चांगला होता" सुरू होतं. व्हॉट्सअॅपवर नुसते फोटो म्हणून पाठवलेत तर ते चेपले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह द्या. आईला तिचा तो अक्षतांच्या मुठीचा फोटो ८ बाय १२ छापून दिला. तिने आधी विचारलं, "हा कुणी काढला?" आणि मग पुतण्याला शंभर रुपये दिले. मला नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजींचा फोन आला. त्यांना स्वतःचा एक चांगला फोटो हवा होता, प्रोफाइलला लावायला. १,८४० पुन्हा धुंडाळले. गुरुजी जवळजवळ पाचशे फोटोंत आहेत, आणि तीन सोडले तर सगळ्यांत त्यांचं तोंड उघडं आहे. तिन्ही पाठवले, डॉक्युमेंट म्हणून.