चक्का जाम झाल्यानंतरची वकिली

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी पहिली आंदोलनाची केस हाती आली. कापसाच्या भावासाठी गावानं रस्ता अडवला, पोलिसांनी अकरा जण उचलले. रात्री ठाण्यात पोचलो तेव्हा डोक्यात घटनेचं कलम १९ (बोलण्याचं, जमण्याचं स्वातंत्र्य) होतं, भाषणही तयार होतं. बाहेर ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणाली, "सायेब, ते सारं राहू द्या. मायं पोरगं घरी कदी येते ते सांगा."

तालुक्याला नव्यानं येणाऱ्या ज्युनिअरांनी आधी एफआयआरवरचे आकडे वाचावेत. जमावबंदी मोडली म्हणून भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) कलम २२३ लागलं असेल तर काळजी नाही, ते जामीनपात्र आहे. पण पोलिसांशी झटापट झाल्याचं लिहून १३२ (दंड संहितेतलं जुनं ३५३) घातलं की अजामीनपात्र, म्हणजे कोर्ट जामीन देईपर्यंत जेल. नुसतं प्रतिबंधात्मक, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७० खाली धरलं असेल (गावात अजून जुनं १५१च म्हणतात), तर साधारण २४ तासांत सोडावं लागतं. म्हणून किती वाजता उचललं ते लगेच लिहून घ्या. आमच्या केसमध्ये कागदावर रात्रीचे आठ होते. समोरच्या हॉटेलवाल्यानं दुपारी तीनलाच गाडीत कोंबताना पाहिलं होतं. सरकार कोणाचंही असो, या घड्याळात फरक पडलेला मी तरी पाहिला नाही.

आमच्या पोरांवर १३२ होतंच. जामीन मंजूर झाला, तरी पोरं आणखी पाच दिवस आत. अडलं सातबाऱ्यावर. जामीनदाराचा सातबारा मागतात, आणि आमच्याकडे कोरा सातबारा कोणाचा असतो? 'इतर हक्क' रकान्यात पीककर्जाचा बोजा बसलेलाच. शेवटी एकाचा मामा यवतमाळहून आला. मला सांगितलं, बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही. चालतो. सर्वोच्च न्यायालयानं मोतीराम खटल्यात १९७८ सालीच ते सांगितलंय. त्या निकालाची प्रत तेव्हापासून माझ्या बॅगेत कायम असते.

फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. कोणाला बीपी-शुगर असेल तर डॉक्टरची चिठ्ठी पहिल्याच पेशीला कोर्टापुढे ठेवा. मी विसरलो होतो. एका काकांचे तीन दिवस गोळ्यांशिवाय गेले.

व्हॉट्सॲप स्टेटसवरून बोलावणं येतं, तेव्हा '६६अ लावतो' (आयटी कायद्यातलं, ऑनलाइन मजकुराबद्दलचं कलम) अशी धमकी अजून ऐकू येते. ते कलम मार्च २०१५ मध्येच रद्द झालंय. वाद न घालता लेखी नोटीस मागा.

सुटकेच्या दिवशी हार-गुलाल झाला, डफडं वाजलं. केस मात्र चालूच आहे. वेचणीच्या दिवसांत अकरातले सहा-सात जणच तारखेला येतात, आणि गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं. आदल्या संध्याकाळी मीच एकेकाला फोन लावतो: "भाऊ, उद्या तारीख आहे."