पुरात बुडालेले बूट

ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात घालायचे माझे चामड्याचे बूट दोन दिवस त्यात बुडाले होते.

पहिली चूक माझीच. घाईघाईत एक बूट गच्चीवर कडक उन्हात ठेवला. संध्याकाळी पाहतो तर पापड! घोट्याशी वाकवला तर कर्र वाजला आणि बारीक चीर पडली.

दुसऱ्याच्या बाबतीत शहाणा झालो. नळाखाली गाळ धुतला, लेस आणि आतली गादी काढली, वर्तमानपत्रं कोंबली. पंख्याखाली, सावलीत. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी कागद बदलले, कारण ओला कागद आत राहिला की वास उलट वाढतो. चार दिवस लागले. टाचेशी पांढरी बुरशी धरली होती. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडकं घट्ट पिळून पुसली.

आई म्हणाली, खोबरेल चोळ. नाही चोळलं. तेल जास्त झालं की चामडं लिबलिबीत होतं आणि वर धूळ बसते. लेदर कंडिशनरच बोटांनी पातळ चोळलं, रात्रभर मुरू दिलं, मग शिलाईवर मधमाशीचं मेण.

सोल शिवलेला होता म्हणून बरं. पुढची उसवलेली शिलाई दांडिया बाजारातल्या मोचीकाकांनी मेणाच्या दोऱ्याने परत घातली.

पापड झालेल्या बुटाला कंडिशनरचे तीन हात दिले. वाकतो आता, पण चीर तशीच आहे. अंधारातसुद्धा डावा कुठला ते बोटाला कळतं.