रेशनच्या धान्यात घोळ दिसतोय? ठाणे-नवी मुंबईत तक्रार अशी करा

तुर्भ्याच्या आमच्या ओळखीच्या एका मावशी रेशन घेऊन परतत होत्या. "पिशवी हलकी लागतेय रे," म्हणाल्या. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली तर 17 किलो 200 ग्रॅम. हातातल्या पावतीवर मात्र 20. मावशी म्हणाल्या, "जाऊ दे, फुकटचं तर आहे, कुठे भांडायचं?"

हे 'फुकटचं' मला फार टोचतं. 2013च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ते धान्य मावशींच्या कुटुंबाच्या नावावर केलंय. कमी भरलेले जवळजवळ तीन किलो सरकारी हिशेबात त्यांनीच उचलले आहेत.

आधी आपला हिस्सा पक्का माहीत करून घ्या. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे हमाली, पिशवी अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले तर ते चूकच. साबण, चहापूड घेतल्याशिवाय धान्य मिळणार नाही, अशी सक्ती करता येत नाही आणि धान्य दिल्यावर दुकानदाराने तुमचं कार्ड स्वतःकडे ठेवून घ्यायचं नाही.

आता पुरावा. सगळी तक्रार यावरच उभी राहते, म्हणून इथे घाई करू नका. पॉस मशीनवर अंगठा दिलात की पावती मागाच. 'रोल संपलाय' हे उत्तर ऐकायला मिळालं तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. 'अंगठा आज द्या, माल सोमवारी न्या' याला तर अजिबात तयार होऊ नका. अंगठा लागला की मशीनच्या दृष्टीने धान्य तुमच्या घरी पोचलं, मग सोमवारी माल संपला म्हटलं तरी तुमच्या हातात काही राहत नाही. पिशवी घरी नेऊन रिकामी करण्याआधी दुसऱ्या काट्यावर ठेवा आणि काट्यावरचा आकडा व पावती एकाच फोटोत घ्या. दुकानाच्या फलकाचाही फोटो हवा. दर, वेळ, साठा आणि तक्रार कुणाकडे करायची, हे त्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. फलक कोरा असेल तर तीही तक्रारच.

आणखी एक गोष्ट घरबसल्या करता येते. महाईपॉसच्या सरकारी संकेतस्थळावर शिधापत्रिकेचा 12 अंकी नंबर टाकला की कोणत्या महिन्यात किती धान्य उचललं ते दिसतं. तुम्ही गावी होतात त्या महिन्यातही उचल दिसत असेल, तर तोच सगळ्यात मोठा पुरावा. तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग फोन करा. राज्याच्या हेल्पलाइनचे नंबर 1967 आणि 1800-22-4950. तक्रार क्रमांक मागून घ्या. त्याशिवाय पुढे काहीच विचारता येत नाही. फोनवर थांबू नका, लेखी अर्जही द्या. ठाणे शहर आणि दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या नवी मुंबईकरांनी तो आपल्या भागाच्या शिधावाटप अधिकाऱ्याकडे द्यावा आणि एक प्रत उपनियंत्रक शिधावाटप, फ परिमंडळ, ठाणे यांना पाठवावी. खारघर, कामोठे, कळंबोलीची गोष्ट वेगळी. तो भाग रायगड जिल्ह्यात येतो, त्यामुळे अर्ज पनवेल तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत. या एका चुकीपायी लोकांचे हेलपाटे होतात.

अर्जात राग नको, आकडे हवेत. मावशींच्या अर्जाचा मजकूर एवढाच होता: 'दुकान क्रमांक अमुक. दिनांक अमुक, सकाळी 11 वाजता अंगठा दिला. पावतीवर 20 किलो, प्रत्यक्ष 17 किलो 200 ग्रॅम. पावती व फोटो सोबत जोडले आहेत. दुकानाची तपासणी करून उरलेलं धान्य मिळावं.' दुकानदार चोर आहे, असं कुठेही लिहिलं नाही, ते ठरवणं तपासणाऱ्याचं काम. मूळ पावती देऊ नका, झेरॉक्स द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच शिक्का घ्या.

दुकानदार उद्या त्रास देईल, ही भीती खरी आहे, विशेषतः गल्लीत एकच दुकान असेल तेव्हा. पण आता तुमचं कार्ड दुसऱ्या रेशन दुकानातही चालतं, त्यामुळे महिनाभर तिकडून धान्य घ्या. आणि एकट्याने जाण्यापेक्षा चाळीतल्या पाच-सहा कार्डधारकांनी आपापल्या पावत्या जोडून एकत्र अर्ज दिला तर कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. दुकान पातळीवर दक्षता समिती असते, तिचे सदस्य कोण ते विचारून घ्या.

उत्तरच आलं नाही तर पुढची पायरी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील. 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जातून त्या दुकानाला महिन्यात किती धान्य आलं आणि तपासणी कधी झाली, हेही मागता येतं. नवीन कार्डासाठी किंवा नाव चढवण्यासाठी कुणा कर्मचाऱ्याने पैसे मागितले तर मात्र थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर कळवा.

तपासणीला निरीक्षक आले की तुमचा जबाब लिहून घेतील. तो शब्दन् शब्द वाचा, वाचता येत नसेल तर मुलाला-सुनेला वाचायला लावा. किलोचा आकडा आणि तारीख बरोबर असेल तरच सही करा.