आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा: फॉर्म, तारीख आणि ती खिडकी

आमच्या बाबांनी व्हिसाच्या मुलाखतीला नेलेली फाइल मी घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. एक किलो आठशे ग्रॅम. सातबारा, पेन्शनचं पुस्तक, रिटर्न्स, फ्लॅटचा करारनामा, एफडीच्या पावत्या आणि का कोण जाणे, दहावीची मार्कलिस्ट. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी त्यातला एकही कागद मागितला नाही. पाच-सहा प्रश्न विचारले, पासपोर्ट ठेवून घेतले, संपलं.

तेव्हापासून सासू-सासरे आणि मग बिल्डिंगमधल्या निम्म्या ज्येष्ठ मंडळींचे फॉर्म माझ्याच टेबलावर भरले गेले. अनुभव हाच, की लोक फाइल जमवण्यात महिना घालवतात आणि फॉर्म एका संध्याकाळी उरकतात. खरं तर उलट करायला हवं. अधिकाऱ्याच्या पडद्यावर तुमचा फॉर्म उघडलेला असतो आणि प्रश्न त्यातूनच येतात. इथे लिहितोय ते मुलाकडे, लेकीकडे किंवा फिरायला जाण्यासाठीच्या बी-१/बी-२ व्हिसाबद्दल, आणि मुंबईहून अर्ज करणाऱ्यांसाठी. नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

फॉर्म: इथे घाई नको

फॉर्मचं नाव डीएस-१६०. तो फक्त ऑनलाइन भरायचा, इंग्रजीत, आणि प्रत्येकाचा वेगळा. नवरा-बायकोचा एक असा चालत नाही. फॉर्म उघडला की ‘एए’ने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. तो आधी वहीत लिहून घ्या, सोबत सुरक्षा-प्रश्नाचं उत्तरही. कारण वीसेक मिनिटं काही टाइप केलं नाही, तर फॉर्म आपोआप बंद होतो. मध्येच आईला चहा टाकायला उठावं लागलं आणि ‘सेव्ह’ केलेलं नसेल, तर त्या पानावरचं सगळं पुन्हा भरा.

नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच लिहायचं. आपल्याकडे बहुतेकांच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि सरनेममध्ये आडनाव. फॉर्ममध्येही तेच, अक्षर न अक्षर.

खरी गंमत पुढच्या प्रश्नाला होते: याआधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का? आमच्या गावातल्या एका एजंटाने आईच्या फॉर्ममध्ये बेधडक ‘नो’ ठोकलं होतं. आई माहेरची कुसुम कुलकर्णी. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं आणि ती सुनंदा झाली. आडनाव तर बदललंच. म्हणजे उत्तर ‘येस’ आणि माहेरचं पूर्ण नाव खाली. ज्यांचं लग्नात फक्त आडनाव बदललं, त्यांनाही हेच लागू. चूक माझ्या लक्षात आली तेव्हा फॉर्म सबमिट झाला होता आणि सबमिट झालेला फॉर्म दुरुस्त करता येत नाही. नवा भरावा लागला, नवा क्रमांक आला आणि तो अपॉइंटमेंटच्या खात्यात जाऊन बदलावा लागला. तारीख ज्या डीएस-१६० वर घेतली, तोच कागद मुलाखतीला हातात हवा. क्रमांक जुळला नाही तर दारातूनच परत यावं लागू शकतं.

जन्मतारखेचंही असंच. आपल्या आधीच्या पिढीत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. फॉर्ममध्ये पासपोर्टवरची तारीख टाका. खरा जन्म श्रावणातला, नागपंचमीच्या आसपासचा, हा इतिहास खिडकीवर स्वतःहून सांगत बसू नका.

आणखी काही प्रश्न असे आहेत की तिथे सवयीने ‘नो’ दाबलं जातं. पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेलाय का? वीस वर्षांपूर्वी नाकारला असेल तरी ‘येस’. तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केलाय का? लेक तिकडची नागरिक झाली असेल आणि तिने ग्रीन कार्डासाठी तुमचे कागद घातले असतील, तर हेही ‘येस’. त्यांच्याकडे नोंद असतेच. लपवलेलं सापडलं तर ते खोटं ठरतं आणि त्याचा डाग पुढच्या सगळ्या अर्जांवर राहतो. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडियाची नावंही विचारतात. बाबांचं फेसबुक असेल तर ते लिहा. ‘क्लॅन ऑर ट्राइब’ असा एक प्रश्न येतो. एक काका तिथे शहाण्णव कुळी लिहायला निघाले होते, त्यांना वेळीच थांबवलं.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. फोटोग्राफरला ‘यूएस व्हिसा’ सांगितलं की कळतं, पण पांढरा सदरा किंवा पांढरी साडी नको. मागच्या भिंतीत माणूस विरघळून जातो.

शेवटी फॉर्म भरायला कुणी मदत केली का, असं विचारतात. तुम्ही भरून देत असाल तर ‘येस’ करून तुमचं नाव टाका, त्यात काही कमीपणा नाही. मात्र सही आणि सबमिटचं बटण ज्याचा अर्ज आहे त्यानेच दाबायचं. त्याआधी मी आईला शेजारी बसवून सगळी उत्तरं मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो. मुलाखतीची अर्धी तयारी तिथेच होते. मग सबमिट केल्यावर येणारं बारकोडचं पान छापून घ्या, दोन प्रती.

फी आणि तारीख

फी माणशी १८५ डॉलर, रुपयांत भरायची. रुपयांतला आकडा संकेतस्थळच दाखवतं. भरलेली फी परत मिळत नाही, व्हिसा नाकारला तरीही. भरल्या तारखेपासून ३६५ दिवसांत त्यावर तारीख घ्यावी लागते.

खातं यूएसव्हिसाशेड्यूलिंग डॉट कॉमवर उघडायचं. दोघं जात असतील तर एकाच खात्यात दोघांना कुटुंब म्हणून जोडा, म्हणजे वेळ एकच मिळते आणि खिडकीपाशी बरोबर उभं राहता येतं. इथे एक नाही, दोन तारखा घ्यायच्या असतात, हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही. पहिली व्हिसा अॅप्लिकेशन सेंटरची, बोटांचे ठसे आणि फोटोसाठी. सगळे तिला ‘बायोमेट्रिक’च म्हणतात. दुसरी कॉन्सुलेटमधल्या, म्हणजे अमेरिकी वकिलातीतल्या, मुलाखतीची. पहिली दुसरीच्या किमान एक दिवस आधी. बाहेरगावच्यांनी म्हणूनच मुंबईत एक मुक्काम धरून चालावं.

मुंबईत तारीख फार लांबची दिसत असेल तर दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता यांतलं कुठलंही केंद्र निवडता येतं. सोलापूर-लातूरकडच्यांना हैदराबाद तसंही जवळ. पण आई-बाबांना मराठीतच बोलायचं असेल तर मुंबईच घ्या.

मिळाली ती तारीख आधी पकडा, मग अलीकडची शोधा, हे ठीक. पण जानेवारी २०२५ पासून फुकटात तारीख एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची झाली किंवा गेलाच नाहीत, तर फी पुन्हा. चार दिवस अलीकडची मिळाली म्हणून ती एकमेव संधी उडवू नका. दिवसभर पान रिफ्रेश करत बसलं तर खातं काही काळ लॉक होतं. सकाळ-संध्याकाळ एकदा पाहणं पुरे.

‘तारीख काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना खात्याचा पासवर्ड देणं मला पटत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने भारतातल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या, कारण त्या बॉटने, म्हणजे आपोआप तारखा पकडणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने, घेतलेल्या होत्या. एजंटाला दिलेले पैसे गेले ते गेलेच.

आणखी एक. पूर्वी ८० च्या पुढच्यांना मुलाखतीला जावं लागत नसे आणि अजूनही लोक त्याच भरवशावर असतात. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत गेली. आजीला ८३ वर्षं असली तरी मुलाखत आहे असं धरूनच बेत करा.

ठसे

हे काम पंधरा-वीस मिनिटांचं. पासपोर्ट, डीएस-१६० चं पान, अपॉइंटमेंटचं पान. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांचे ठसे पटकन उमटत नाहीत. आदले दोन-चार दिवस रात्री हाताला खोबरेल लावा, सकाळी साबणाने हात धुऊन जा. यंत्राने दोनदा नकार दिला की आई घाबरते; तिला आधीच सांगून ठेवा की असं होतं, पुन्हा घेतात.

मुलाखतीचा दिवस

कॉन्सुलेट वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. २०११ मध्ये तिथे हललं, तरी जुने मुंबईकर अजून ‘ब्रीच कँडीला जायचंय’ म्हणतात आणि रिक्षा-टॅक्सीवाल्याला चकवा लागतो. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून रिक्षा मिळते, आता मेट्रो-३ चं बीकेसी स्थानकही आहे.

मोबाइल, स्मार्टवॉच, इअरफोन, पॉवर बँक, मोठी पिशवी यांतलं काहीही आत नेता येत नाही आणि ठेवायला तिथे सरकारी सोय नाही. बाहेर पैसे घेऊन सामान सांभाळणारे असतात, पण सर्वांत बरं म्हणजे घरचं कुणीतरी सोबत जाऊन फोन धरून बाहेर थांबावं. आत फक्त अर्जदार जातात. म्हणून तुमचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून बाबांच्या खिशात ठेवा; फोन नसला की आपला नंबर कुणालाच पाठ नसतो. बाहेर पडल्यावर कुठे भेटायचं तेही ठरवा. वेळेच्या दोन तास आधी जाऊन उन्हात उभं राहण्यात अर्थ नाही, पंधरा-वीस मिनिटं आधी पुरतं. नाश्ता आणि बीपीची गोळी घेऊन मगच निघा. गुडघे दुखत असतील तर रांगेतल्या कर्मचाऱ्याला सांगावं, संकोच करू नये.

आत तपासणी, कागद पाहणं, ठसे पुन्हा जुळवणं आणि मग रांग. या सगळ्यात तास-दोन तास जातात. खिडकीवर मात्र दोन-तीन मिनिटंच मिळतात.

पहिल्या वाक्यातच “मराठी, प्लीज” म्हणायचं. मुंबईत मराठीत मुलाखत देता येते, त्याने व्हिसावर काही परिणाम होत नाही. मोडक्या इंग्रजीत ‘येस येस’ करण्यापेक्षा हे शंभर पट बरं.

प्रश्न साधारण असे येतात: कशाला चाललात? कुणाकडे? मुलगा काय करतो, कोणत्या कंपनीत, किती वर्षं झाली, कोणत्या व्हिसावर आहे? किती दिवस राहणार? तुम्ही काय करता, इथे मागे कोण आहे? आधी कुठल्या देशात गेला होता? गाडी अडते ती मुलाच्या माहितीवर. “आयटीत आहे” एवढंच बहुतेक आई-वडिलांना ठाऊक असतं. कंपनीचं नाव, शहर आणि राज्य एवढं तरी पाठ हवं.

“किती दिवस?” याचं उत्तर फॉर्ममध्ये लिहिलं तेच यायला हवं. फॉर्मवर दोन महिने आणि तोंडाने “बघू, जमेल तितके” असं झालं की संशय येतो. नातवंड झालंय, त्याला बघायला चाललोय, हे अगदी चांगलं आणि खरं कारण आहे. पण दोघं कामाला जाणार म्हणून सहा महिने बाळ सांभाळायला बोलावलंय, असाच बेत असेल तर तो व्हिजिटर व्हिसाचा हेतू नव्हे. त्याचा विचार तिकीट काढायच्या आधी घरातच करा.

आणि बाबा, आईला बोलू द्या! आमच्याकडे आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाबांनीच सुरू केलं होतं. अधिकारी बाईंनी हसून तळहात दाखवला आणि आईकडे पाहिलं. ती म्हणाली, “नातीचं बारसं मोबाइलवर बघितलं. आता तिला हातात घ्यायचंय. दिवाळीच्या आत परत येणार, घरी देवपूजा आहे.” पुढे काही विचारलंच नाही.

कागद नेऊच नका असं मी म्हणत नाही. पासपोर्ट, जुने पासपोर्ट, दोन्ही छापील पानं, मुलाच्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत, पेन्शन किंवा उत्पन्नाचा एखादा कागद घ्या. मागितला तरच काढायचा. प्रश्न येण्याआधी सातबारा काचेवर टेकवू नये.

नंतर

पासपोर्ट ठेवून घेतला तर बहुतेक काम झालं. तो कुठून उचलायचा हे खात्यात आधीच निवडलेलं असतं.

पासपोर्ट आणि सोबत २१४(बी) असं लिहिलेला कागद हातात आला, तर नकार. कायद्याने प्रत्येक अर्जदार तिकडेच राहायला चाललाय असं धरलं जातं आणि तसं नाही हे आपण पटवून द्यायचं असतं. तेवढ्या मिनिटांत ते पटलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. पुन्हा अर्ज करता येतो, नव्या फीसह. पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर पुढच्या महिन्यात लगेच धावण्यात शहाणपण नाही. २२१(जी) असेल तर आणखी कागद किंवा तपासणी हवी आहे. त्या वेळी ऑनलाइन ‘रिफ्यूज्ड’ दिसतं आणि घरात रडारड होते. त्यांनी मागितलं ते देऊन वाट पाहा.

पासपोर्ट आला की तिथेच उभं राहून व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक ताडून घ्या. विमानाची तिकिटं त्यानंतरच. व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो, पण एका खेपेला किती राहायचं ते तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिन्यांपर्यंत. ती तारीख आय-९४ नावाच्या ऑनलाइन नोंदीत असते. आई-बाबा तिकडे पोचले की मुलाला त्याच आठवड्यात ती उतरवून घ्यायला सांगा आणि परतीच्या तिकिटाशी ताडून पाहा.