ओल्ड इंग्लिश शीपडॉग पाळताय? या चुका टाळा

ओल्ड इंग्लिश शीपडॉगच्या प्रेमात पडलेली माणसं माझ्याकडे दोनदा येतात. पहिल्यांदा मोबाइलमधला फोटो दाखवत, "असाच हवा" म्हणत. दुसऱ्यांदा पिल्लू वर्षाचं व्हायच्या सुमाराला, कुत्र्याला घेऊन आणि तोंड पाडून. मधे काय झालं ते विचारावं लागत नाही. कुत्र्याच्या कानामागे बोट घातलं की कळतं.

त्याच त्या चुका पुन्हा सांगून कंटाळा आला, म्हणून लिहून काढतोय. क्रमाला काही अर्थ नाही. ज्या चुकीचा जास्त राग येतो ती लांबली आहे.

वरवर विंचरणं

या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ, झिपरे केस आणि त्यांच्याखाली दाट, मऊ लोकर, जी पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाही. ही लोकर गळते, पण जमिनीवर फारशी पडत नाही. वरच्या केसांत अडकून बसते. कुत्रा हलला, लोळला, पट्टा घासला की तिला पीळ बसतो आणि गाठ होते. मालक बिचारा रोज ब्रश फिरवतो, पण तो फिरतो वरच्या दोन इंचांवर. बघणाऱ्याला कुत्रा झकास दिसतो आणि आत कातडीला लागून नमदा तयार होत असतो.

नुकता नोकरीला लागलेला एक मुलगा आपली कुत्री घेऊन आला होता. अजून वर्षाचीही नव्हती. बाहेरून अशी फुललेली की कुणीही वळून बघावं. "काका, मी रोज विंचरतो तिला. अजिबात चुकवत नाही," तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. मी स्टीलचा कंगवा तिच्या खांद्यावर केसांत घातला. अर्ध्यावर जाऊन थांबला. पाठीवर घातला, तिथंही तेच. काखेत तर दातच शिरेनात. त्यात यानं आदल्याच दिवशी तिला साबण लावून आंघोळ घातली होती. का, तर माझ्याकडे आणायची म्हणून चांगली दिसावी! गुंत्यात पाणी गेलं की गुंता आवळतो, वाळताना आणखी घट्ट होतो आणि आतली ओल तिथंच राहते. कानामागची जट मोकळी केली तेव्हा खालची कातडी लालभडक आणि चिकट होती, वास येत होता. मांडीच्या आतल्या बाजूला ओलीवर माशी बसून गेली होती. तिथं अळ्या होत्या.

पुढचं काम माझं नव्हतंच. व्हेटनं भूल देऊन तिचे सगळे केस उतरवले. मुलगा पुनःपुन्हा एकच म्हणत होता, "पण वरून तर काहीच दिसत नव्हतं हो." तेच तर सांगतोय. वरून दिसत नाही.

माझी पद्धत अशी आहे. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं. पंजापासून सुरुवात करून वर सरकायचं. एका हातानं केस वर उचलून धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून बाहेर, टोकाकडे पिन ब्रश चालवायचा. एक ओळ झाली की अर्धा इंच वर दुसरी. पाय संपला की तोच पाय पुन्हा स्टीलच्या कंगव्यानं तपासायचा. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता आला, तर विंचरून झालं; नाहीतर नाही, मग तुम्ही तासभर घाम गाळलेला असो. कोरड्या केसांवर ब्रश ओढला तर केस तुटतात, म्हणून आधी पाण्याचा किंचित फवारा मारतो. गाठ सापडली की आधी बोटांनी फोडायची. नाहीच सुटली तर केसांच्या दिशेनं उभी चिरायची. जटेच्या खाली आडवी कात्री घालायची नाही. कातडी वर ओढली गेलेली असते आणि तीच कापली जाते. टाके घालायला नेलेली कुत्री मी पाहिली आहेत.

पूर्ण वाढलेल्या कोटाला, म्हणजे अंगावरच्या केसांना, आठवड्याला तीन-चार तास सहज जातात. मी ते एका बैठकीत करत नाही. आज पुढचे दोन पाय, उद्या छाती, परवा मागचा भाग. कुत्राही वैतागत नाही आणि मीही. "पटकन होईल असा एखादा ब्रश सांगा ना," असं विचारणाऱ्यांना मी आता सरळ आखूड केसांचा कुत्रा घ्या म्हणतो.

आंघोळीचा क्रमही याच हिशेबात. आधी पूर्ण विंचरणं, मग आंघोळ, मग कातडीपर्यंत ड्रायरनं वाळवणं, वाळवतानाच ब्रश. नुसतं टॉवेलनं पुसून "वाळेल आपोआप" म्हणून सोडू नका.

पिल्लूपणातच निश्चिंत होणं

पिल्लाचा कोट मऊ आणि आखूड असतो, गुंतत नाही. मालकाला वाटतं, लोक उगाच घाबरवतात. मग आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास काळा रंग राखाडी, निळसर व्हायला लागतो, पिल्लाची लोकर जाऊन मोठेपणाचा कोट येतो, आणि हे प्रकरण दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं. सगळ्यात जास्त गुंता याच काळात होतो. तोवर कुत्र्याचं वजन तीस किलोच्या आसपास गेलेलं असतं आणि कुशीवर पडून राहायची सवय त्याला कुणी लावलेली नसते. पिल्लू घरी आल्या दिवसापासून रोज पाच मिनिटं झोपवून ब्रश लावा, गुंता असो वा नसो. ही पाच मिनिटं केसांसाठी नसतात, सवयीसाठी असतात.

उन्हाळा आला की तासून टाकणं

यावर लोक दोन टोकांना असतात. एका टोकाला "केसांना हात लावला तर जातीचा अपमान" म्हणणारे, दुसऱ्या टोकाला कातडी दिसेपर्यंत मशीन फिरवणारे. पहिल्यांनी थोडा इतिहास वाचावा. ही जात इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल या पट्ट्यात साधारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घडली. काम होतं गुरं आणि मेंढ्या हाकत बाजारापर्यंत नेण्याचं. चिखलातून चालणाऱ्या त्या कुत्र्यांची लोकर मेंढ्यांबरोबरच कातरली जायची. जमिनीपर्यंत लोळणारा पांढराशुभ्र कोट ही प्रदर्शनांची देणगी. ब्रिटनमध्ये या जातीचा क्लब 1888 साली निघाला आणि तेव्हापासून केसांचं स्तोम वाढत गेलं.

म्हणून ज्याला आठवड्याचे चार तास देणं जमत नाही, त्यानं खुशाल एक-दीड इंचावर कोट राखावा. त्यात काही कमीपणा नाही. पण कातडीपर्यंत तासू नका. उघड्या कातडीला ऊन भाजतं, आणि पुन्हा येणारे केस कधी कधी जास्त मऊ, जास्त गुंतणारे येतात. शिवाय केस काढले म्हणून कुत्रा भर दुपारी पळवण्याजोगा होत नाही. फिरणं पहाटे आणि उशिरा संध्याकाळी, बाकी वेळ गार फरशी आणि भरपूर पाणी. जोरजोरात धापा, गडद लाल हिरड्या, लटपटणारी चाल दिसली तर थेट व्हेट.

त्याला गोंडस बाहुला समजणं

ब्रिटनमध्ये 1961 पासून ड्यूलक्स रंगांच्या जाहिरातींत हा कुत्रा दिसू लागला आणि घरोघरी त्याची हौस सुटली. हौस फिटली की काय होतं तेही तिथंच दिसलं. 1970च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या केनेल क्लबकडे वर्षाला पाच हजारांहून जास्त पिल्लांची नोंद होत होती. 2020 साली हीच जात त्या क्लबच्या धोक्यातल्या देशी जातींच्या यादीत गेली, म्हणजे वर्षाला तीनशेही नोंदी नव्हत्या.

स्वभावानं तो खरंच प्रेमळ, विनोदी आणि मुलांत रमणारा आहे. पण आत हाकणारा कुत्रा बसलाय. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्यासारखा नजर रोखून तो काम करत नाही, अंगानं ढकलतो. घरात गुरं नसली की मुलं असतात. अंगणात धावणाऱ्या पोरांभोवती गोल फिरणं, त्यांना एका कोपऱ्यात गोळा करणं, खांद्यानं किंवा ढुंगणानं धक्का देणं, हे सगळं त्याच्या मते कर्तव्य आहे. एक वहिनी अगदी रडवेल्या होऊन सांगत होत्या, "हा मुलांच्या अंगावर धावून जातो, आता देऊन टाकावा लागणार." मी जाऊन पाहिलं. कान सैल, तोंड मोकळं, दात कुठंच नाहीत. मुलं फाटकाकडे पळाली की तो त्यांना घराकडे वळवत होता. चार वर्षांचं पोर त्या धक्क्यानं आपटतं, हे मात्र खरं, त्यामुळे सोडून देऊन चालत नाही.

रागावून, ओरडून हे जात नाही. ओरडलं की त्याला वाटतं तुम्हीही कामाला लागलात. मी आधी पक्कं "ये" शिकवतो, मग "थांब", आणि मुलांचा पळापळीचा खेळ सुरू असेल तेव्हा कुत्रा दोरीवर. त्याला रोज खरं काम द्या: लांब चालणं, वास काढून वस्तू शोधणं, मोठा चेंडू नाकानं ढकलणं. दिवसभर एकटा ठेवलात तर तो भुंकेल, आणि त्याचा आवाज घुमणारा, जाडाभरडा असतो. मग शेजारी माझा नंबर मागतात.

अजून एक: हा हुशार आहे, पण हुकमाचा ताबेदार नाही. एकच गोष्ट चौथ्यांदा करायला सांगितली की तो तुमच्याकडे बघतो आणि बसून राहतो. छोटे धडे घ्या. पंधरा दिवसांत "ऐकतच नाही हो" म्हणणाऱ्यांना आधी धीर शिकवायला हवा, कुत्र्याला नंतर.

घरातलं औषध मनानं देणं

इथे मात्र गंमत नाही. कोली आणि त्याच्या जवळच्या कुळांत एमडीआर1 नावाच्या जनुकात एक दोष आढळतो. तो 2001 साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत शोधला गेला, आणि ओल्ड इंग्लिश शीपडॉगमध्येही काही कुत्र्यांत असतो. एरवी मेंदूत शिरलेली काही औषधं शरीर बाहेर ढकलतं. हा दोष असला की ती आत साठतात. गोचिड्यांसाठी गुराढोरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं देणं, किंवा जुलाब होतायत म्हणून माणसांची लोपेरामाइडची गोळी देणं, यानं असा कुत्रा झोकांड्या खातो, आंधळ्यासारखा चालतो, बेशुद्ध पडतो, जातोही. हार्टवर्मसाठी, म्हणजे हृदयातल्या जंतांसाठी, व्हेट देतात ती मात्रा फार कमी असते, ती बंद करू नका. गालाच्या आतून स्वॅब घेऊन तपासणी होते. एकदाच करायची आणि अहवाल फाइलमध्ये लावून ठेवायचा. भूल देण्याआधीही तो दाखवा.

एकेका ओळीच्या चुका

डोळ्यांवरचे केस तसेच ठेवणं: "उजेडानं डोळे खराब होतात" ही जुनी थाप आहे, मऊ रबर बँडनं बांधा किंवा कापा.

कान उचलून न बघणं: आत केस, ओल आणि मग संसर्ग. दर आठवड्याला वास घ्या, नाक कळवतं.

पंजांच्या गाद्यांमधले केस न कापणं: गुळगुळीत फरशीवर घसरतो आणि आधीच नाजूक खुब्यांवर ताण येतो.

दाढी ओली सोडणं. जेवण-पाण्यानंतर पुसा.

मागचा भाग आखूड न ठेवणं. कारण सांगायला नको.

एक डोळा निळा दिसला म्हणून घाबरणं: या जातीत चालतं.

शेपूट आहे म्हणून "भेसळ आहे" म्हणणं: या जातीचं बॉबटेल हे दुसरं नाव शेपूट तोडण्याच्या जुन्या चालीमुळे पडलं. इंग्लंडमध्ये 2007 पासून दिसण्यासाठी शेपूट तोडायला बंदी आहे. तिथल्या नव्या फोटोंत झुपकेदार शेपटाचे कुत्रे दिसतात ते अस्सलच आहेत. फक्त विंचरायला एक अवयव वाढला.

पिल्लू बघायला जाताना रिकाम्या हातानं जाणं

म्हणजे प्रश्न न नेता. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे कुठं आहेत? डोळे कधी तपासले? एमडीआर1चा अहवाल? श्वासनलिकेतली लव काम न करण्याचा आनुवंशिक आजार, पीसीडी, या जातीत आहे आणि त्याची जनुकीय तपासणीही आहे. ती केली का? जास्त धावल्यावर मागचे पाय गळून पडण्याच्या ईआयसी आजाराची? पिल्लाची आई समोर आणायला सांगा आणि तिच्या केसांत कातडीपर्यंत बोटं घालून बघा. विकणारा "तिला हात लावलेला आवडत नाही" म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.