यू-बोटीची रोजनिशी नकाशावर कशी उतरवावी

मी व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर होतो. निवृत्तीनंतरही हातातली पेन्सिल सुटली नाही, म्हणून आता दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या, म्हणजे यू-बोटींच्या, रोजनिश्या वाचतो आणि त्यांची अटलांटिकमधली गस्त कागदावर आखतो. तुम्हाला हे करायचं असेल तर आधी घड्याळ सांभाळा.

रोजनिशीतली वेळ जर्मन असते. एप्रिल १९४० ते नोव्हेंबर १९४२ जर्मनीत सलग उन्हाळी वेळ होती, ग्रिनिचच्या दोन तास पुढे. तेवढी वजा करा. मी ती केली नव्हती. ‘सिटी ऑफ बनारस’ हे बुडवलं गेलेलं प्रवासी जहाज इंग्रजी नोंदींत १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री दहाच्या सुमारास सापडतं, तर ते बुडवणाऱ्या ‘यू-४८’ या पाणबुडीच्या वेळेनुसार टॉर्पेडो लागला १८ तारखेला, बारा वाजून एक मिनिटाने. दोन संध्याकाळी मी दोन वेगळी जहाजं समजून शोधत बसलो.

मग जागा. जर्मन नौदलाने समुद्राचे चौकोन पाडले होते, त्यांची खूण दोन अक्षरं आणि चार अंक. ‘बीएफ’ म्हणजे बिस्केचा उपसागर. लोरिआँ किंवा सां-नाझेर या फ्रेंच बंदरांतून निघालेल्या बोटीची सुरुवात तिथेच. मोठ्या चौकोनाची बाजू साधारण ४८६ सागरी मैल. त्याचे नऊ भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा नऊ, असं चार वेळा केलं की बाजू सहा मैलांवर येते. अंक फोनच्या बटणांप्रमाणे वाचायचे: वरची ओळ १, २, ३. हा चौकट-कागद एकदा नीट करून ठेवा, पुढचं काम निम्मं होतं.

दुपारच्या नोंदीत गेल्या चोवीस तासांत पाण्यावर किती मैल आणि पाण्याखाली किती, हे दिलेलं असतं. ते तुमच्या रेघेशी ताडून पाहा. सातव्या वर्गाची ‘सी’ बोट पाण्याखाली चार नॉटने (ताशी चार सागरी मैल) जेमतेम ऐंशी मैल जायची, मग बॅटरी संपायची. म्हणून पाण्याखालचे मैल एकाएकी वाढले तर वर विमान किंवा एस्कॉर्ट, म्हणजे ताफ्याची राखण करणारी युद्धनौका, असणार, असं धरून आसपासच्या ओळी सावकाश वाचा.

टॉर्पेडोच्या धावेची वेळही तपासा. विजेवर चालणारा टॉर्पेडो तीस नॉटने मिनिटाला ९२६ मीटर कापतो. हिशेब लागत नसेल तर कप्तानाने ऐकलेला स्फोट जहाजावरचा नसेलही. बुडवलेल्या जहाजांच्या टनांचे आकडे बरेचदा फुगलेले असतात. जहाजांच्या ताफ्याच्या नोंदी पाहिल्याशिवाय मी एकही लिहीत नाही.

आणि कृपा करून जहाजाची रेघही काढा. ‘सिटी ऑफ बनारस’वर इंग्लंडहून कॅनडाला पाठवलेली ९० मुलं होती, त्यांतली ७७ दगावली. खलाशांत बरेच भारतीय होते. माझ्या नकाशावर ‘यू-४८’ निळ्या रंगात आहे. बारा नंबरच्या लाईफबोटीची रेघ पेन्सिलीची, तुटक. तिच्यात सहा मुलं आणि बहुतेक आपले खलाशी. आठ दिवसांनी एका विमानाला ती दिसली, तिथे, २५ सप्टेंबरला, मी रेघ थांबवली आहे.