विमानाने थंड आणि फ्रोझन माल पाठवताना या चुका टाळा

विमानात फ्रीज असतो अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाका. मुंबईच्या सहार विमानतळाहून दुबईला जाणाऱ्या प्रवासी विमानाच्या पोटात तुमच्या पनीरच्या पेट्या लोकांच्या सुटकेसशेजारीच पडलेल्या असतात. तिथं उणे १८ कोणी राखून देत नाही. विमान माल लवकर पोचवतं, एवढंच त्याचं काम. थंडावा तुम्हीच इथून पेटीत भरून द्यायचा, आणि तो संपतो तोही बहुतेक जमिनीवर: विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये, स्कॅनिंगच्या रांगेत, धावपट्टीजवळ उन्हात उभ्या ट्रॉलीवर.

उड्डाणाचे तास मोजू नका

मुंबई-दुबई तीन तासांचा प्रवास, म्हणून पाच-सहा तासांचा बर्फ घातला, असं बरेच जण करतात. खरा हिशेब कोल्हापुरात पेटीला टेप लावल्यापासून सुरू होतो. गोकुळ शिरगावात संध्याकाळी ६ वाजता पेटी बंद झाली. रीफर गाडी (थंड कप्प्याचा ट्रक) ८ ला निघाली. खंबाटकी, पुणे, बोरघाट करत पहाटे ५ च्या सुमारास मुंबईत. कटऑफ (माल जमा करायची शेवटची वेळ), स्कॅनिंग, कस्टम, दुपारी ४ चं विमान, तिकडे उतरवणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताबा. झाले ४० तास. एअरलाइनला वजन जास्त झालं तर आधी कार्गोच उतरवतात, त्यामुळे ४० तासांच्या हिशेबाला ६० तासांचं पॅकिंग धरा.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून, माल चढवायचा विचार असेल, तर इथून उडणारी विमानं लहान आहेत हे लक्षात ठेवा. ड्राय आईस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) किती चढवता येईल याची मर्यादा विमानागणिक आणि एअरलाइनगणिक बदलते. बुकिंगच्या वेळीच विचारा, काउंटरवर नको.

पेटीच्या जाडीत वाचवलेले पैसे भाड्यात जातात

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघाच. बाहेरून ६० × ४० × ४० सेंटीमीटरची थर्माकोल पेटी घ्या. बाहेर ३० अंश, आत ५ अंश ठेवायचेत. भिंत ५० मिलिमीटरची असेल तर दिवसाला साधारण साडेचार किलो बर्फ वितळतो. ६० तासांना ११ किलो. तीच पेटी ३० मिलिमीटरची घेतली तर दिवसाला सव्वाआठ किलो, म्हणजे ६० तासांना २१ किलो. दहा किलो बर्फ जास्तीचा, आणि त्याचं भाडं मालाच्याच दराने लागतं. या पेटीचं आकारमानाचं वजन १६ किलो येतं (लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार भागिले ६०००, कुरिअरवाले सहसा ५००० ने भागतात). पनीर आणि बर्फ मिळून ते कधीच ओलांडतात, म्हणजे प्रत्येक जादा किलोचे पैसे खऱ्या वजनावर जातात. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश धरा. बर्फ आणखी ४० टक्के वाढवावा लागेल.

कोमट माल पेटीत थंड होत नाही

पेटी आणि रीफर दोन्ही थंडावा टिकवतात. माल थंड करणं हे कोल्डरूमचं काम. २० किलो पनीर ४ ऐवजी १५ अंशांवर भरलं, तर ते ४ वर आणायलाच दोन किलो बर्फ खर्ची पडतो. तो तुमच्या ११ किलोंतून गेला, म्हणजे शेवटचे दहा-अकरा तास माल बर्फाविना. फ्रोझन मालात गाभ्याचं तापमान बघा. पुरणपोळीचं पाकीट वरून दगड लागतं आणि गठ्ठ्याच्या मधोमध उणे ८ निघतं. प्रोब थर्मामीटर मधल्या दोन पाकिटांच्या बेचक्यात पाच मिनिटं दाबून धरा. उणे १८ दिसत नसेल तर गाडी थांबवा, माल भरू नका.

रीफरचंही तसंच. भरण्याआधी गाडी रिकामी असतानाच हव्या त्या तापमानाला आणा. दार उघडं असताना गाडीचं कूलिंग युनिट बंद ठेवा, नाहीतर पंखा बाहेरची दमट हवा ओढतो आणि कॉइलवर बर्फ चढतो. छतापर्यंत रचू नका, हवा फिरायला वर जागा लागते. डिझेल वाचवायला वाटेत युनिट बंद करणारे ड्रायव्हर असतात. भाडं देण्याआधी गाडीच्या तापमानाचा प्रिंटआउट मागायचा, हे ठरवतानाच सांगून टाका.

जेल पॅक फ्रीझरमधून काढून थेट ठेवणं

उणे १८ चा जेल पॅक श्रीखंडाला किंवा पनीरला टेकला की तेवढी कड गोठते. मग श्रीखंडाला पाणी सुटतं, पनीर भुसभुशीत होतं, आणि घेणारा म्हणतो माल शिळा. पॅक बाहेर पसरून ठेवा. पृष्ठभागावर दव येऊन हलवल्यावर आत किंचित पाणी खळखळलं की वापरा. तरीही मधे पुठ्ठ्याचा एक थर हवाच.

एकाच पेटीत श्रीखंड आणि फ्रोझन पुरणपोळी कोंबू नका. एकाला सोयीचं तापमान दुसऱ्याचं नुकसान करतं. गुळाला तर यातलं काहीच लागत नाही. थंड करून पाठवला तर बाहेर काढताच त्याला घाम सुटतो आणि ढेप चिकट होते.

ड्राय आईस

फ्रोझन मालाला हाच. उणे ७८.५ अंशांचा असल्याने थंड (२ ते ८ अंश) मालात तो अजिबात नको. वरच्याच ५० मिलिमीटरच्या पेटीत दिवसाला साधारण ५ किलो उडतो. ६० तासांना १३ किलो धरा. ठेवायचा मालाच्या वर, कारण गार हवा खाली उतरते.

१३ किलोंतून सुमारे ७,००० लिटर वायू निघतो. पेटीचा प्रत्येक सांधा टेपने हवाबंद केला तर पेटी फुगून फाटते. फटी राहू द्या. बंद गाडीत ड्रायव्हरशेजारी अशी पेटी ठेवू नका, आणि मालाचा कप्पा उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय आत शिरू नका.

काउंटरवर माल परत येतो तो बहुधा कागदामुळे. पेटीवर ‘ड्राय आईस’, त्याचा धोकादायक मालातला क्रमांक यूएन १८४५, ड्राय आईसचं निव्वळ वजन किलोमध्ये आणि नवव्या वर्गाचं (क्लास ९) लेबल हवं. हेच एअर वे बिलावर (विमानमालाच्या पावतीवर), दहा पेट्या असतील तर असं: यूएन १८४५, ड्राय आईस, १० × १३ किलो. पेटीवर १३ आणि बिलावर १२ दिसलं की पेटी बाजूला. आतला माल धोकादायक नसेल तर वेगळं डेंजरस गुड्स डिक्लेरेशन लागत नाही, पण बुकिंगमध्ये वजन सांगावंच लागतं. त्याच विमानात जिवंत प्राणी किंवा कोंबडीची पिल्लं असली तर तुमच्या पेट्या मागे राहू शकतात.

हँडलिंगचे कोडही नीट घाला: थंड मालाला सीओएल, फ्रोझनला एफआरओ, ड्राय आईस असेल तर आयसीई. नुसतं पीईआर लिहिलं तर शेडवाल्याला नाशवंत आहे एवढंच कळतं, किती अंशांवर ठेवायचं ते कळत नाही.

लाकडी पॅलेट वापरत असाल तर त्यावर उष्णताप्रक्रियेचा शिक्का हवा. दुबईत शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, सौदीत शुक्रवार-शनिवार. गुरुवारी संध्याकाळी पोचणारा माल मुद्दाम टाळा. कुठली प्रमाणपत्रं लागतात ते घेणाऱ्याकडून लेखी घ्या आणि सीएचएला (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला) आदल्या दिवशी द्या.

माल बिघडला तर काय शोधायचं

पाकिटाच्या आत मोठे बर्फाचे खडे दिसले तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. कडा गोठलेल्या आणि मधला भाग ठीक, तर जेल पॅक. पेटी ओली होऊन खालची दबली असेल तर आत प्लॅस्टिकची पिशवी नव्हती किंवा बाहेरचा पुठ्ठा हलका होता.

लॉगरचा (पेटीत ठेवायच्या तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा) आलेख तर सरळ बोलतो. पहिल्याच तासात तापमान जास्त असेल तर माल कोमट भरला. रेघ हळूहळू एकसारखी चढत गेली तर बर्फ किंवा जाडी कमी पडली. मधेच अचानक उंचवटा आला तर पेटी उघडली गेली किंवा उन्हात राहिली. त्या वेळेला माल कोणाच्या ताब्यात होता ते शोधा. बहुतेक लॉगरमध्ये लिथियम बॅटरी असते, म्हणून एअरलाइनला तो चालतो का ते आधी विचारून घ्या. जेल पॅकला चिकटवू नका, पाकिटांच्या मधे ठेवा. आणि झाकण लावण्याआधी बटण दाबून दिवा लुकलुकतोय ना ते बघा. सुरूच न केलेला लॉगर दुबईला जाऊन कोरा परत येतो.